कंटेनरवर हलवलेली साइट मधूनच ५०२ देते, रिफ्रेश केलं की जातं : पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याचा माग

"अहो, मगाशी पान उघडलंच नाही. पांढऱ्या पानावर इंग्रजीत काहीतरी आलं. पुन्हा दाबलं तर लगेच उघडलं. आमच्याच फोनचं काही आहे का?"

आमच्या साइटच्या एका जुन्या वाचकांचा हा फोन. त्यांच्या फोनचं काही नव्हतं. ते इंग्रजी म्हणजे ५०२ : दारातल्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही. त्या आठवड्यात आम्ही साइटचा काही भाग कंटेनरवर (लागणाऱ्या सामानासकट बांधलेल्या, कुठेही चालवता येणाऱ्या पेटीत) हलवून बघत होतो आणि दहातल्या एका वाचकाला नव्या जागेवरून पान जात होतं. पहिल्या दिवशी आम्हीही "रिफ्रेश केल्यावर येतंय ना" म्हणून पुढे गेलो. तसं करू नका. रिफ्रेश केल्यावर जाणारी चूक जागेवरच असते, फक्त पुढच्या वेळी तुमची रिक्वेस्ट दुसऱ्या, धडधाकट पॉडकडे (साइटच्या दुसऱ्या चालू प्रतीकडे) जाते.

आमची मांडणी आधी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन, त्यांची सूची आणि शोध, एवढीच साइट. पीएचपीमध्ये लिहिलेली, दोन व्हर्च्युअल मशीनवर बरीच वर्षं चाललेली. तीच साइट प्रयोग म्हणून क्युबरनेटीसवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर, उभी केली. एकाच कंटेनरमध्ये एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारा), असे दोन पॉड. सगळ्यांच्या पुढे दारात एक एन्जिनएक्स, जो शंभरातले दहा वाचक नव्या जागी पाठवतो आणि नव्वद जुन्या.

लक्षण असं : दिवसभर सगळं सुरळीत. मग अचानक काही सेकंद ५०२ चा झुबका. पुन्हा तासन्‌तास शांतता. आपण स्वतः बघायला जावं तर काहीच सापडत नाही.

आधी वाटणी तपासा

वाचकांची वाटणी कशावर केली आहे ते पहिलं बघा, कारण ती चुकली असेल तर पुढचा सगळा तपास भरकटतो. आम्ही सुरुवातीला प्रत्येक रिक्वेस्टवर फासा टाकत होतो. परिणाम असा की पान जुन्या मशीनवरून यायचं आणि त्याच पानाची सीएसएस फाइल नव्या पॉडकडे मागितली जायची, जिथे त्या नावाची फाइलच नव्हती. मग आयपी पत्त्यावर वाटणी करून पाहिली. तीही बरोबर नाही. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्याआड बसवतात, त्यामुळे दहा टक्के म्हणता म्हणता एखाद्या पत्त्याबरोबर मोठा जथाच एका बाजूला जातो. शेवटी कुकी ठेवली. वाचक पहिल्यांदा आला की त्याचा गट ठरतो आणि तो तिथेच राहतो. त्याच कुकीची किंमत हाताने बदलून आमच्यापैकी कुणालाही जबरदस्तीने नव्या बाजूला जाता येतं. या एका सोयीने तपासाचे किती तास वाचले सांगता येत नाही.

लॉगिन असेल तर सेशन (वाचक लॉगिन आहे ही नोंद) पॉडच्या आतल्या फाइलमध्ये ठेवू नका. पॉड गेला की सेशन गेलं. आम्ही ती रेडिसमध्ये (पॉडबाहेरच्या साठ्यात) हलवली, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

पान कुणी दिलं, हे पानानेच सांगितलं पाहिजे

मराठी विकिपीडियाचं कुठलंही पान उघडा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅबवर जा आणि त्या पानाचे रिस्पॉन्स हेडर (उत्तराबरोबर येणाऱ्या माहितीच्या ओळी) बघा. 'सर्व्हर' या हेडरसमोर 'एमडब्ल्यू-वेब'ने सुरू होणारं लांबलचक नाव दिसतं. ते पॉडचं नाव आहे. विकिमीडियाने आपलं मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) क्युबरनेटीसवर टप्प्याटप्प्याने नेलं, आणि मराठी विकिपीडियाही त्याच ढिगातून येतो. त्यांच्याकडे डेव्हलपरांसाठी ब्राउझरचं एक एक्स्टेन्शनही आहे. ते रिक्वेस्टबरोबर एक खास हेडर पाठवतं आणि ती रिक्वेस्ट ठरावीक चाचणी सर्व्हरकडेच जाते. इतका प्रचंड पसारा सांभाळणाऱ्यांना ज्याची गरज वाटते, ते आपल्या दोन पॉडच्या साइटला नको असं समजू नये.

करायचं सोपं आहे. कंटेनरचं होस्टनेम म्हणजेच पॉडचं नाव असतं. ते आतल्या एन्जिनएक्सकडून एका हेडरमध्ये टाका. मात्र इथे एक खड्डा आहे : एन्जिनएक्सचा ॲड-हेडर हा आदेश २०० किंवा ३०२ अशा ठरावीक कोडनाच हेडर लावतो. ५०२ ला लावत नाही. त्याच्या शेवटी 'ऑलवेज' हा शब्द लिहावा लागतो. तो नसेल तर ज्या उत्तराचा मालक शोधायचा आहे, नेमक्या त्याच उत्तरावर नाव नसतं.

हे जमलं की पहिलाच मोठा प्रश्न सुटतो. ५०२ वर पॉडचं नाव असेल तर तो आतल्या एन्जिनएक्सने दिला, म्हणजे पीएचपीच्या बाजूला बिघाड आहे. नाव नसेल तर रिक्वेस्ट पॉडपर्यंत पोचलीच नाही किंवा उत्तर अर्ध्यात तुटलं, आणि ५०२ दारातल्या एन्जिनएक्सने बनवला.

आमचे जवळजवळ सगळे बिननावी होते.

घड्याळं जुळवा, पुरावा साठवा

दारातला सर्व्हर भारतीय वेळेत लॉग लिहीत होता, कंटेनर यूटीसीमध्ये. साडेपाच तासांचा फरक डोक्यात ठेवून लॉग जुळवताना हमखास चूक होते. दोन्हीकडे एकच वेळ करा. दारातल्या लॉगमध्ये रिक्वेस्टचा क्रमांक, पलीकडून आलेला कोड आणि लागलेला वेळही लिहून घ्या.

दुसरं, क्युबरनेटीसचे इव्हेंट, म्हणजे कुठला पॉड कधी सुरू झाला, कधी मारला, कुठला प्रोब (पॉडची तब्येत विचारणारी तपासणी) फसला ही नोंद, मुळात फक्त १ तास टिकते. "संध्याकाळी निवांत बघू" म्हणालात तर संध्याकाळी तिथे काहीही नसतं. आम्ही ते दर काही मिनिटांनी फाइलमध्ये उतरवून ठेवायला लागलो. त्यानंतरच झुबक्यांच्या वेळा आणि पॉडच्या वेळा शेजारीशेजारी ठेवता आल्या. बहुतेक झुबके डिप्लॉयच्या (नवी आवृत्ती चढवण्याच्या) वेळचे निघाले. थोडे मात्र पहाटेचे होते, तेव्हा कुणीही डिप्लॉय करत नव्हतं. त्यांच्याकडे नंतर येतो.

५०२ एकच, पण आतला आकडा वेगळा

दारातल्या एन्जिनएक्सचा एरर लॉग नीट वाचा. वाचकाला दिसणारा कोड एकच असला तरी लॉगमध्ये लिनक्सचा एरर क्रमांक असतो, आणि तो बरंच बोलतो.

१११, कनेक्शन रिफ्यूज्ड : पत्ता आहे, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. एकतर पॉड अजून उठलेला नाही किंवा आतला सर्व्हर निघून गेला आहे.

१०४, कनेक्शन रिसेट, किंवा 'अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन' : बोलणं सुरू झालं होतं, समोरचा मध्येच गेला.

११३, नो रूट टू होस्ट : पत्ताच उरलेला नाही. ११० म्हणजे वाट बघून थकला, आणि तो वाचकाला ५०४ म्हणून दिसतो, ५०२ म्हणून नाही.

आमच्याकडे १११ भरपूर होते आणि त्यांच्यात विखुरलेले 'प्रीमॅच्युअरली क्लोज्ड'. म्हणजे दुखणी दोन होती. दोन्हींना एकच औषध देत बसलो असतो तर महिना गेला असता.

१११ चं कारण : पॉड उठायच्या आधीच पाहुणे

रेडिनेस प्रोब, म्हणजे 'वाचक घ्यायला तयार आहेस का' विचारणारी तपासणी, नव्हता. तो नसेल तर कंटेनर सुरू झाला त्या क्षणी क्युबरनेटीस त्याला 'तयार' समजतं आणि वाचक पाठवायला लागतं. आमची सुरुवातीची शेल स्क्रिप्ट मात्र आधी डेटाबेसची वाट बघायची, मग शोधाची कॅश (तयार उत्तरांचा साठा) गरम करायची आणि मग एन्जिनएक्स चालू करायची. तेवढे सेकंद पोर्ट बंद. दोन पॉडपैकी एक नवा असताना नव्या बाजूच्या निम्म्या रिक्वेस्ट तिथे आपटत होत्या.

रेडिनेस प्रोब लावला, तो पीएचपीतून जाणाऱ्या एका हलक्या पानावर. फक्त पोर्ट उघडा आहे का एवढंच बघितलं तर एन्जिनएक्स उठलेला पण पीएचपी झोपलेलं, अशी अवस्था सुटून जाते. सुरुवातीचे १११ त्याच दिवशी थांबले.

दुसरं दुखणं : मरताना नीट न मरणारा पॉड

इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मला वाटतं बहुतेकांचा इथेच जातो.

ओळख अशी. एक पॉड हाताने डिलीट करा आणि घड्याळ लावा. तो 'टर्मिनेटिंग' अवस्थेत बरोबर ३० सेकंद अडकून मग जात असेल आणि एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे सोडते तो आकडा) १३७ असेल, तर थांबायचा निरोप आतल्या सर्व्हरला मिळालेलाच नाही. क्युबरनेटीस आधी सिगटर्म (थांबायचा सिग्नल) पाठवतं, मुळात ३० सेकंद वाट बघतं आणि मग सिगकिलने ठार मारतं. सिगकिल हा ९ क्रमांकाचा सिग्नल, १२८ अधिक ९ म्हणजे १३७. (मेमरी संपून मेल्यावरही १३७ च येतो, पण तेव्हा पॉडच्या तपशिलात कारण म्हणून 'ओओएम-किल्ड' लिहिलेलं असतं. हे दोन एक समजून मेमरी वाढवत बसू नका.)

निरोप का पोचत नाही? कंटेनरमधली १ क्रमांकाची प्रोसेस आमच्याकडे शेल होती, आणि एन्जिनएक्स तिचं पोर, म्हणजे तिने सुरू केलेली प्रोसेस. सिग्नल १ क्रमांकाला मिळतो. शेल तो पोराला पुढे देत नाही. शिवाय १ क्रमांकाच्या प्रोसेसने एखादा सिग्नल हाताळायची तरतूद केलेली नसेल तर कर्नल तो सिग्नल तिला लागूच करत नाही. म्हणजे शेलही मरत नाही आणि पोरालाही कळत नाही. अर्धं मिनिट सगळे नेहमीसारखे कामात, आणि मग एकदम वीज गेल्यासारखे बंद. आमच्याकडे संपूर्ण अंकाची पीडीएफ बनवायला पाऊण मिनिट लागतं. ज्यांची पीडीएफ त्या क्षणी बनत होती, ते 'प्रीमॅच्युअरली क्लोज्ड' त्यांचे होते.

उपाय सगळीकडे लिहिलेला असतो : स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत सर्व्हरच्या आधी 'एक्झेक' लिहा, म्हणजे शेल स्वतःची जागा सर्व्हरला देऊन बाजूला होतो. आम्ही लिहिलं. पॉड झटक्यात जायला लागले.

आणि ५०२ वाढले.

हे कुणी आधी सांगितलं असतं तर आमचे दोन दिवस वाचले असते, म्हणून सविस्तर लिहितो. पॉड काढताना क्युबरनेटीस दोन कामं एकाच वेळी सोडतं. एक, पॉडला सिगटर्म. दोन, त्या पॉडचा पत्ता यादीतून काढून प्रत्येक नोडवरच्या (पॉड चालवणाऱ्या प्रत्येक मशीनवरच्या) नियमांपर्यंत ती बातमी पोचवणं. आधी कुठलं संपेल याची हमी नाही. दुकानाचं शटर खाली आलं, पण कोपऱ्यावर उभा राहून गिऱ्हाईक पाठवणाऱ्या पोराला अजून कुणी सांगितलेलं नाही, तशी गत. पूर्वी आमचा सर्व्हर बहिरा होता. अर्धं मिनिट तो ऐकत राहायचा, तेवढ्यात यादीतून त्याचं नाव आरामात निघून जायचं. बहिरेपण दुसरी चूक झाकत होतं. 'एक्झेक'ने त्याला कान दिले आणि तो निरोप मिळताच दार लावायला लागला, गिऱ्हाईकं येतच होती. १११ परत आले, या वेळी मरणाऱ्या पॉडवर.

त्यात भर म्हणजे एन्जिनएक्ससाठी सिगटर्म म्हणजे 'हातातलं टाका आणि निघा'. हातातलं संपवून जायचा त्याचा सिग्नल सिगक्विट आहे. पीएचपी-एफपीएमचंही तसंच. डॉकर हबवरच्या दोघांच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून उभा राहतो त्यात) थांबायचा सिग्नल सिगक्विट असाच लिहिलेला असतो. पण आमच्यासारखी नुसत्या डेबियनवर स्वतःची इमेज बांधली असेल तर तो आपणच डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायच्या कृतीत) लिहावा लागतो.

म्हणून 'एक्झेक' एकटं लावू नका. या गोष्टी एकाच वेळी लावा :

स्क्रिप्टमध्ये 'एक्झेक', इमेजमध्ये थांबायचा सिग्नल सिगक्विट.

पॉडला प्रीस्टॉप हुक (थांबण्याआधी चालवायचा आदेश), आणि त्यात फक्त १० सेकंद झोप. सिग्नल जायच्या आधी ही झोप होते, सर्व्हर चालूच राहतो आणि तोवर यादीतून नाव निघतं. झोपायचा आदेश नसलेल्या सडपातळ इमेजसाठी क्युबरनेटीसमध्येच आता झोपेची सोय आहे, १.३० पासून ती आपोआप चालू असते.

थांबायची मुदत वाढवा. ३० सेकंदांत प्रीस्टॉपचे १० धरलेले असतात, उरतात २०. आमच्या पीडीएफला पाऊण मिनिट लागतं, म्हणून मुदत ९० केली.

पीएचपी-एफपीएमच्या सेटिंगमध्ये 'प्रोसेस कंट्रोल टाइमआउट' बघा. तो मुळात शून्य असतो, म्हणजे सिगक्विट देऊनही मुलांना (त्याने सुरू केलेल्या कामकरी प्रोसेसना) काम संपवायला वेळ मिळत नाही.

नंतर आम्ही एन्जिनएक्स आणि पीएचपी वेगळ्या कंटेनरमध्ये पण एकाच पॉडमध्ये नेले. तेव्हा पहिल्यांदाच नाव असलेले ५०२ दिसले. दोन्ही कंटेनरना सिग्नल एकदमच जातो, पीएचपी आधी निघून गेलं की एन्जिनएक्स रिकाम्या खोलीत हाका मारतो. पीएचपीच्या कंटेनरला एन्जिनएक्सपेक्षा जास्त झोप दिली, मिटलं.

तुमच्या मागे पीएचपीऐवजी नोडजेएस (जावास्क्रिप्ट चालवणारा सर्व्हर, वरचं मशीन नव्हे) असेल आणि पुढचा सर्व्हर जोडण्या उघड्या ठेवत असेल, तर एक वेगळी जागाही बघा. नोडजेएसच्या बऱ्याच आवृत्त्या रिकामी जोडणी ५ सेकंदांत बंद करतात, पुढचा एन्जिनएक्स ती ६० सेकंद जपतो. फॉर्म भरून पाठवणाऱ्यांना त्यामुळे अधूनमधून ५०२ मिळतो, डिप्लॉय असो वा नसो. मागच्याने पुढच्यापेक्षा जास्त वेळ जोडणी धरली पाहिजे.

पहाटेचे झुबके

हे लाइव्हनेस प्रोबने, म्हणजे 'जिवंत आहेस का' विचारणाऱ्या तपासणीने, केलं. तो आम्ही मुखपृष्ठावर लावला होता आणि मुखपृष्ठ डेटाबेसला विचारतं. पहाटे डेटाबेसचा बॅकअप चालतो, तेव्हा उत्तर मंदावतं. प्रोबची मुदत मुळात १ सेकंद, दर १० सेकंदांनी विचारणा, लागोपाठ ३ वेळा चुकलं की कंटेनर नव्याने सुरू. त्यामुळे डेटाबेस थोडा मंद झाला की आमचे दोन्ही धडधाकट पॉड एकदमच मारले जात होते, आणि उठल्यावर दोघं मिळून त्याच दमलेल्या डेटाबेसकडे कॅश गरम करायला धावत होते. लाइव्हनेसचा प्रश्न एवढाच ठेवा : ही प्रोसेस अडकली आहे का? डेटाबेसची प्रकृती तिच्याकडून विचारू नका. आता तो एका स्थिर पानावर आहे आणि मुदत ३ सेकंद.

मेमरीचीही शंका होती, म्हणून तपासली. जुन्या मशीनवरून पीएचपी-एफपीएमचा मुलांचा आकडा तसाच उचलून आणला होता. एकेका मुलाला १२८ एमबीची परवानगी आणि कंटेनरला एकूण ५१२, हे गणित चार मुलांपुढे जात नाही. आमचं त्यावर अजून काही अडलं नव्हतं, तरी आकडा लगेच उतरवला.

पीडीएफमधले चौकोन

हे ५०२ नाही, पण त्याच फोनवर त्याच वाचकांनी सांगितलं, आणि मला ते ५०२ पेक्षा जास्त लागलं. "परवा उतरवलेल्या सूचीत अक्षरंच नाहीत, नुसते चौकोन. काल पुन्हा उतरवली तर बरोबर." पीडीएफबरोबरचा पॉडचा हेडर बघितल्यावर दोन मिनिटांत उलगडा झाला. जुन्या मशीनवर कधीकाळी कुणीतरी देवनागरी फॉन्ट बसवले होते, कुठेही नोंद नव्हती. नव्या इमेजमध्ये एकही नव्हता. लोहित देवनागरीचं पॅकेज इमेजमध्ये घातलं. नोटोही चालेल. मात्र नंतर 'ज्ञ', 'र्‍य', 'क्ष' असलेली ओळ छापून डोळ्यांनी बघा. फॉन्ट असूनही जोडाक्षरं सुटी पडत असतील तर पीडीएफ बनवणारी लायब्ररी अक्षरांची जुळणी करत नाही, तो स्वतंत्र दोष आहे. मराठी साइट हलवणाऱ्या प्रत्येकाने ही एक ओळ चाचणीत ठेवावीच.

बरं झालं हे कसं ठरवायचं

लॅपटॉपवरून कर्लने (आदेश देऊन पानं मागवणाऱ्या साधनाने), नव्या बाजूची कुकी लावून, सेकंदाला पाच रिक्वेस्ट सोडत राहा. फक्त मुखपृष्ठावर नको. शोध, लॉगिन आणि एखादी लांबलेली पीडीएफही त्यात हवी. ते चालू असताना सगळे पॉड एकामागून एक बदलायचा आदेश द्या. मग एक पॉड हाताने डिलीट करा. मग एक नोड रिकामा करा. २०० सोडून आलेला प्रत्येक कोड वेळेसकट लिहून घ्या. तिन्ही वेळा एकही आला नाही तेव्हाच आम्ही दहाचे पंचवीस टक्के केले.

तरीही तीन आठवड्यांनी ५०२ परतले. पॉड डिलीट करून घड्याळ लावलं, पुन्हा तेच सेकंद मोजत अडकणं. या वेळी ९०, कारण मुदत आता ९० होती. स्क्रिप्ट उघडली. एका सहकाऱ्याने डेटाबेसची वाट बघण्याचा भाग सुधारताना शेवटची ओळ नव्याने लिहिली होती आणि 'एक्झेक' गेलं होतं. त्याचा दोष नाही, तो शब्द तिथे का आहे हे ओळीशेजारी कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता तिथे चार ओळींची टीप आहे. शिवाय इमेज बांधून झाली की बिल्डमध्येच कंटेनर उठवून १ क्रमांकाची प्रोसेस कोण आहे ते बघितलं जातं, मग त्याला थांबायला सांगून एक्झिट कोड तपासला जातो. शेल दिसला किंवा १३७ आला, तर ती इमेज पुढे जात नाही.